‘घे, तुझीच हाय’

माझ्या मुलीच्या बारशाला मी तीन शब्द बोललो: ‘घे, तुझीच हाय.’ त्या वेळी मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. आता एक्कावन्न चालू आहे. या तेवीस वर्षांत मी बरंच काही बोललो असेन, पण माझ्या बहिणीच्या लेखी मी फक्त ते तीन शब्द बोललो.

आमच्याकडे बाळाचं नाव आत्या ठेवते. तसं माझ्या थोरल्या बहिणीनं ठेवलं. बाळाच्या कानात कुर्र केलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, आणि ती पाळण्याची दोरी हातात धरून म्हणाली, “माझी सून हाय ही. आत्ताच सांगून ठिवते.” सगळे हसले. मीही हसून म्हणालो, ‘घे, तुझीच हाय.’ हे आपण कशालाही म्हणतो. कुणी अंगणातल्या शेवग्याला चांगलं म्हटलं तरी म्हणतो, घ्या, तुमचाच आहे. म्हणून कुणी शेवगा खणून नेत नाही.

मामाच्या मुलीवर आत्याच्या मुलाचा पहिला हक्क, अशी आमच्यात जुनी रीत आहे. आता फारसं कुणी ती पाळत नाही, पण ती मेलेलीही नाही. राखीपौर्णिमेला आम्ही बहिणीकडे जायचो, तेव्हा माझी सहा-आठ वर्षांची मुलगी माझ्या भाच्याला राखी बांधायला निघाली की बहीण तिचा हात धरून बाजूला घ्यायची. “त्याला नगं. दुसऱ्या कुनाला बी बांध.” हे मी स्वतः तीन वेळा पाहिलं. मला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. कळलं होतं. मी तिकडे पाठ करून दाजींशी पाऊसपाण्याचं बोलत राहिलो.

बहिणीला मी आक्का म्हणतो. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो, ती चौदा. वडील होते, पण ते शेतात असायचे आणि घरात असले तरी शेतात असल्यासारखेच असायचे. आक्कानं आठवीत शाळा सोडली आणि चूल हातात घेतली. सतराव्या वर्षी तिचं लग्न झालं तेव्हा तिनं सासरी एकच अट घातली, भाऊ बरोबर येईल. पारनेर तालुक्यातल्या त्या घरात मी दहावीपर्यंत राहिलो. तिच्या सासूनं माझ्या भाकरी मोजल्या, तेव्हा आक्कानं स्वतःची अर्धी कमी केली आणि मला सांगितलं की तिला भूकच नसते. हे सगळं खरं आहे. ती वाढवून सांगत नाही. खोटं असतं तर माझं काम सोपं झालं असतं.

पण त्या अर्ध्या भाकरीची सवय तिलाही लागली. आपण खाल्लं नाही की माणूस हलतं, हे तिला फार लवकर समजलं. माझ्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. त्यातल्या दिवाळ्या बायकोनं तिच्या माहेरी किती केल्या, तर चार. बाकीच्या वेळी आम्ही निघालो की आक्काला चक्कर यायची, किंवा ती डोक्याला फडकं बांधून भिंतीकडे तोंड करून निजायची. एकदा आम्ही संगमनेरच्या पुढून परत फिरलो. बायको काही बोलली नाही. तिनं तेव्हा भांडायला हवं होतं असं मला आज वाटतं, पण न भांडलेल्या भांडणाचा दोष तिच्यावर टाकणं हीही एक पळवाटच.

मी दुधाच्या शीतकरण केंद्रावर काम करतो. आलेल्या दुधाची फॅट आणि डिग्री, म्हणजे स्निग्धांश आणि दाटपणा, काढायची, आकडा लिहायचा. आकडा कमी आला की शेतकरी म्हणतो, सायेब, म्हस तीच, वैरण तीच, मग फॅट कशी पडली? मी त्याला यंत्र दाखवतो. सव्वीस वर्षं मी लोकांना आकड्यावरून नाही म्हणत आलो. घरात मला एकदाही ते जमलं नाही.

गेल्या चैत्रात आक्काच्या गावची यात्रा होती. जेवायला दाजी, त्यांचे दोन भाऊ, त्यांच्या बायका आणि मी एवढे होतो. आक्का वाढता वाढता म्हणाली, “मंग साखरपुडा कवा धरायचा?”

मी विचारलं, “कुणाचा?”

“कुनाचा म्हंजी? तुज्या पोरीचा अन् माज्या पोराचा.”

मला हसू आलं.

“हसतुस काय? बारशाला शब्द दिला हुतास. ह्या बसल्यात, इचार.” तिनं जावांकडे हात केला. दोघींनी माना हलवल्या.

“आक्का, ती म्हणायची पद्धत असते.”

“पद्धत? मंग आईमागं तुला वाढिवलं ती बी पद्धतच व्हती का?”

पंक्तीतले हात थांबले. मी त्याच वेळी नाही म्हणायला हवं होतं. मला माझ्या मुलीचं मन माहीत होतं. ती रसायनशास्त्रात पदवीधर आहे, सुप्याच्या एका कंपनीत तपासणीच्या विभागात कामाला होती, आणि पुण्याला पुढं शिकायचं म्हणून तिनं अर्ज भरला होता. भाचा तिच्याहून आठ वर्षांनी मोठा आणि तिनं त्याच्याकडे त्या नजरेनं कधी पाहिलेलं नाही. हे सगळं माहीत असून मी म्हणालो, “पोरीला विचारून सांगतो.”

घरी येऊन मी तिला विचारलं. तिनं वही मिटली.

“तुम्ही नाही म्हणालात का?”

“तुला विचारून सांगतो म्हटलं.”

“म्हणजे नाही मी म्हणायचं. आणि आत्या तुम्हाला नाही, मला बोलणार.”

दुसऱ्या दिवशी मी आक्काला फोन केला आणि जमणार नाही असं सांगितलं. ‘जमणार नाही’ हा शब्द मी मुद्दाम निवडला होता. त्यात माझी इच्छा आहे पण काहीतरी आड येतंय असं ऐकू येतं.

तिसऱ्या दिवशी दाजींचा फोन आला. “हिनं भाकरी सोडलीया. गोळ्या बी बंद केल्यात.” आक्काला रक्तदाबाची गोळी रोज सकाळी एक असते. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मीच नगरहून तीस गोळ्या नेऊन देतो.

मग नातेवाइकांचे फोन सुरू झाले. एका दिवसात सतरा आले. प्रत्येकाचं पहिलं वाक्य निरनिराळं आणि दुसरं एकच, एवढं वाढवलं रे तिनं तुला. केंद्रावर माझ्याबरोबर काम करणारा म्हणाला, “तुमच्या तालुक्याला उपोषणाचं काय सांगायचं. बाकीचे मंडप घालतात, तुमच्या आक्कांनी चुलीपुढंच मांडलं.” मी हसलो, आणि हसलो म्हणून दिवसभर अपराधी वाटत राहिलं.

एकोणीस तारखेला दुपारी मी रक्तदाबाचं यंत्र घेऊन गेलो. आक्का खाटेवर होती, डोक्याला फडकं. भोवती शेजारच्या चार बायका. दाजी दाराशी. मी पट्टा बांधून यंत्र लावलं. एकशे अडतीस, शहाऐंशी. गोळीविना चार दिवस काढलेल्या माणसाचा हा आकडा नव्हता. मी कोनाड्यातल्या गोळ्यांच्या दोन्ही पट्ट्या काढल्या. एक रिकामी होती. दुसरीत अकरा गोळ्या होत्या.

तीस वजा एकोणीस, अकरा. चार दिवस सोडल्या असत्या तर पंधरा असत्या.

हे मी मनात ठेवू शकलो असतो. मी ते सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणालो. “आक्का, अकरा हायेत. बंद केल्या असत्यास तर पंधरा असत्या.”

दाजींनी तोंड बाहेर वळवलं. म्हणजे त्यांना माहीत होतं. आक्का उठून बसली. तिनं डोक्याचं फडकं सोडलं नाही, ओरडली नाही. माझ्याकडे बघत म्हणाली, “मोजल्यास? भनीच्या गोळ्या मोजल्यास तू?”

शेजारणींतली एक म्हणाली, “शिकल्याला भाऊ हाय ना, बाई. मोजनारच.” दुसरी आक्काच्या पाठीवर हात फिरवायला लागली. मी खरा होतो, आकडा माझ्या बाजूनं होता, आणि त्या खोलीत माझ्या बाजूनं एक माणूस नव्हता. आक्काच्या सासूनं माझ्या भाकरी मोजल्या होत्या. त्याच घरात मी तिच्या गोळ्या मोजल्या. हे मला परत येताना कामरगावच्या घाटात गाडीवर सुचलं.

घरी बायकोला सांगितलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, “वन्सं खोटं सांगतात हे तुम्हाला आज कळलं? मला पहिल्या दिवाळीपासून माहीत आहे. त्याला गोळ्या मोजाव्या लागत नाहीत.”

मुलगी म्हणाली, “पण तुम्ही नाही म्हणालात का?”

मी आठवून पाहिलं. एकशे अडतीस म्हणालो होतो, अकरा म्हणालो होतो, पंधरा म्हणालो होतो. नाही म्हणालो नव्हतो.

म्हणून पुढच्या रविवारी परत गेलो. आक्का गोठ्यात एकटीच होती, गायींना वैरण टाकत. मी वाटेत वाक्यं ठरवली होती, ती एकामागून एक म्हणालो. गोळ्या चारचौघांत मोजल्या, ते चुकलं. बारशाला बोललो तेही चुकलं, कारण मुलगी काही माझी वस्तू नाही की मी ती कुणाला देईन. हे लग्न होणार नाही. ‘जमणार नाही’ असं नव्हे, होणार नाही, आणि हे ‘नाही’ मुलीचं आहे तसं माझंही आहे.

ती वैरण टाकत राहिली.

मग मी भाच्याचं बोललो. ते मला मनापासून बोलायचं होतं. पाच वर्षांत त्याच्यासाठी सव्वीस घरी पोहे खाऊन झाले आहेत. शेती आहे, विहिरीला पाणी आहे, स्वतःची पिकअप आहे, पोराला सुपारीचंही व्यसन नाही. मुलीकडचे पहिलाच प्रश्न विचारतात, मुलगा पुण्याला असतो का. गावातल्या तिच्या मुलाच्या वयाच्या पोरांत अकरा जण असे बसून आहेत. रात्रंदिवस हे बघणाऱ्या आईच्या पोटात काय होत असेल ते मला कळत नाही असं नाही. मी म्हणालो, “त्याच्यासाठी मी फिरतो, आक्का. वाटलं तर दर रविवारी फिरतो. पण माझ्या पोरीचं नाव आता यात नको.”

“मंग माजं मेल्यालं तोंड बघाय येऊ नगंस.”

“येणार. दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी येणार. बीपी बघणार, गोळ्या देणार, जेवणार. हा विषय काढलास की उठणार. रागानं नाही, पण उठणार.”

“लई शिकलास,” ती म्हणाली.

ठरल्यातल्या पहिल्या रविवारी तिनं बाराव्या मिनिटाला विषय काढला. ताट वाढलेलं होतं, मी दोन घास खाल्ले होते. भरल्या ताटावरून उठणं म्हणजे आमच्याकडे शिवी दिल्यासारखं आहे, अन्नाला आणि वाढणारीला. मी उठलो. हात धुतले. मागून ती म्हणाली, “जा. अन्नावर पाय देऊन जा.” पुढच्या वेळी विसाव्या मिनिटाला उठलो, त्याच्या पुढच्या वेळी नवव्या. मग मी घरून जेवून जायला लागलो, म्हणजे ताटावरून उठायला नको. ते तिला त्या विषयाहून जास्त लागलं. तिच्या हातचं मी खात नाही, असं तिनं भावकीत सांगितलं. तेही खरंच होतं.

दरम्यान एक दिवस भाचा केंद्रावर आला. कांद्याची गाडी बाजारात खाली करून परत चालला होता. चहा घेतला. कप खाली ठेवला आणि म्हणाला, “मामा, मला कुनी इचारलंच न्हाई.”

“म्हणजे?”

“मला ती धाकटीच वाटती. पन आईला न्हाई म्हनाय मला जमत न्हाई. तुमी म्हनलात ते बरं झालं.” मग तो थोडा हसला. “आता तुमच्यावर चालत न्हाई म्हनून माज्यावर चालतंय. परवा दिवसभर जेवली न्हाई. माजा मोबाईल लागला न्हाई म्हनून.”

मी त्याला म्हणालो, तूही उठत जा. तो म्हणाला, “उठून जाऊ कुठं? मी तितंच ऱ्हातो.” मी एक बांध घातला होता, आणि त्याच्या पलीकडचं सगळं पाणी भाच्याच्या दारात चाललं होतं.

आषाढात मुलीला पुण्याला प्रवेश मिळाला. दोन वर्षं, वसतिगृहात राहून. सकाळी ती डबा भरत होती, तेव्हा मी जवळ गेलो आणि म्हणालो, नगरमध्येही तो अभ्यासक्रम आहे. ती म्हणाली, आहे, पण प्रयोगशाळा तिथली चांगली आहे. मी म्हणालो, आईचे गुडघे दुखतात. बायको आतून म्हणाली, “माझे गुडघे मध्ये आणू नका.” मग मी म्हणालो, “तुझ्यासाठी मी माझी बहीण तोडली. आणि तू आता आम्हाला सोडून निघालीस.”

बोलताना मला ते खरं वाटलं होतं.

तिनं डब्याचं झाकण लावलं. आवाज अजिबात चढवला नाही.

“पप्पा, तुम्हाला एकटं वाटणार आहे, ते मला दिसतंय. मलाही वाटेल. पण हे वाक्य आत्याचं आहे. मी पुण्याला जाणार आहे, आणि हे परत बोललात तर मी खोलीतून जाईन.”

मी तीन महिने ठेचकाळत जे करत होतो, ते तिनं चार वाक्यांत केलं आणि बसला उशीर होईल म्हणून निघूनही गेली. दिवसभर मी फॅट काढत होतो. दोन नमुने मला पुन्हा तपासावे लागले. माझ्या घरात एका बाजूला आक्का आणि दुसऱ्या बाजूला आम्ही, असं मी समजत होतो. माझी रेघ चुकीच्या जागी होती. माणूस जे सोसतो ते त्याला येतं. मला चांगलंच येत होतं, फक्त आजवर कुणावर वापरायची वेळ आली नव्हती. बायकोला विचारलं तर ती म्हणेल, आली होती.

मुलगी गेली. माळीवाड्याच्या स्टँडवर तिला बसमध्ये बसवलं. मी काही बोललो नाही. एवढं तरी जमलं.

आता आक्का तो विषय काढत नाही. पाच रविवार झाले. तो नाही म्हटल्यावर आमच्यात दुसरा विषयच उरला नाही असं दिसलं. मी पट्टा बांधतो, आकडा सांगतो, ती ‘बरं’ म्हणते. गोळ्या देतो, त्या ती पट्टी उलटी करून कोनाड्यात ठेवते, मला मोजता येऊ नयेत अशा. दाजी गुरांकडे जातात. भाच्यासाठी मी राहुरीकडची दोन स्थळं आणली, दोन्हीकडून नकार आला. ते मी सांगितलं, त्यालाही ‘बरं’.

गेल्या रविवारी मी यंत्र पिशवीत भरत होतो, तेव्हा ती भिंतीकडे बघत म्हणाली, “पोरगी जेवती का तितं येळेवर?”

मी थांबलो. वाक्य मी नीट ऐकलं होतं. त्यात काही आहे का ते शोधत राहिलो. पुढचं वाक्य काय येईल, जेवण, मग परकं गाव, मग मुलीच्या जातीला, मग इथंच दिली असतीस तर. माझ्या डोक्यात ती अख्खी वाट तयार होती. आक्कानं पुढं काहीच म्हटलं नाही. ती माझ्या उत्तरासाठी थांबली होती. मी पिशवीची चेन लावली आणि म्हणालो, “निघतो, आक्का.”

गाडी सुप्यापर्यंत आल्यावर मला वाटायला लागलं की तिनं फक्त विचारलं असेल. लहानपणी मला ती शाळेतून आल्यावर पहिलं हेच विचारायची. पण मागे फिरून सांगायला जाणं मला जमलं नाही.

संध्याकाळी मुलीचा फोन आला तेव्हा मी तिला सांगितलं, आत्यानं विचारलं, तू वेळेवर जेवतेस का.

“मग सांगितलंत ना, जेवते म्हणून?”

“नाही.”

“का?”

मी म्हणालो, “उठलो होतो.”